रामा, प्रजिमा आणि पांदण : डिजिटल नकाशावरची रस्त्यांची प्रतवारी



आजचा विषय बाहेर फळ्यावर लिहिला आहे. तो वाचून एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हाला दारातच गाठले. म्हणाले, "रस्त्यांचे वर्गीकरण मागून करा, आधी रस्ते करा." याला आमच्याकडे उत्तर नाही. रस्ते करणे आमच्या हातात नाही. आम्ही चार-पाच जण वाशीम जिल्ह्यात हौसेने नकाशे काढतो. मुक्त डिजिटल नकाशात रस्ते, नाले, शाळा, विहिरी भरतो. जमिनीवरचा खड्डा आम्हाला बुजवता येत नाही. पण नकाशात खड्डा पाडता येतो, आणि आम्ही तो पाडलेलाही आहे. तेव्हा आज जी टीका होईल ती बरीचशी आमच्यावरच आहे, हे आधी सांगून टाकतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मालेगावकडून शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात जायचे होते. फोनमधल्या नकाशाने (कोणता ते विचारू नका, या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी) डांबरी सोडून आत वळायला सांगितले. रेघ चांगली ठळक होती. शंभर-दीडशे मीटर मुरूम लागला, आणि पुढे काळी माती. जुलैतली काळी माती म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. चाक फिरतेय आणि गाडी जागेवर. अर्ध्या तासाने एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. दोर बांधता बांधता म्हणाले, "भाऊ, हे पांदन हाय. रस्ता नोहे. उन्हाळ्यात येजा."

तीन वाक्ये. पहिल्यात त्या वाटेचा प्रकार, दुसऱ्यात ती काय नाही ते, तिसऱ्यात कोणत्या ऋतूत चालते ते. फोनमधल्या त्या रेघेत यातले काहीच नव्हते.

आता रेघ चुकली कशी? रेघ जागेवर बरोबरच होती, तिथे वाट होतीच. चुकला तो तिचा वर्ग. लोकांना वाटते, नकाशात रस्त्याचा वर्ग म्हणजे रंग आणि जाडी. तसे नाही. यंत्र वाट शोधते तेव्हा वर्ग पाहून वेग गृहीत धरते. मुक्त नकाशावर चालणारी ओएसआरएम नावाची एक प्रणाली आहे. मोटारीसाठी तिची मूळ मांडणी अशी, की दुसरी काही माहिती नोंदलेली नसेल तर 'ट्रंक' रस्त्यावर ताशी ८५ किलोमीटर, 'प्रायमरी'वर ६५, 'सेकंडरी'वर ५५, 'टर्शरी'वर ४० आणि 'अनक्लासिफाइड'वर २५. शेतातल्या वाटेचा वर्ग आहे 'ट्रॅक'. तो त्या यादीतच नाही, म्हणजे मोटार तिकडे पाठवायचीच नाही. हिशेब करून बघा. बारा किलोमीटरचा तुकडा सेकंडरी म्हटला तर तेरा मिनिटे, अनक्लासिफाइड म्हटला तर एकोणतीस. रस्ता तोच, डांबर तेच. घरी बसून कोणीतरी एक शब्द बदलला की एका गावाहून दवाखाना सोळा मिनिटे लांब जातो किंवा जवळ येतो. आणि पांदणीला ट्रॅकऐवजी अनक्लासिफाइड म्हटले की आमच्यासारख्यांची गाडी चिखलात.

हे शब्द आले कुठून? ओपनस्ट्रीटमॅप हा प्रकल्प २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झाला. स्टीव्ह कोस्ट यांनी तो काढला. साहजिकच रस्त्यांचे वर्ग तिथले. त्या नोंदपद्धतीत प्रत्येक वाटेचे मूळ खाते 'हायवे' आहे. द्रुतगती मार्गही हायवे, गल्लीही हायवे, आणि तुमची पांदण, तीही हायवेच! हसण्यासारखे आहे खरे, पण इंग्रजी कायद्यात हायवे म्हणजे जिथून जाण्यायेण्याचा सगळ्यांना हक्क आहे ती वाट. आपल्याकडे ज्याला वहिवाट म्हणतात त्याच्या फार जवळचा शब्द आहे हा. मोठा रस्ता हा अर्थ आपण त्याला नंतर चिकटवला.

'अनक्लासिफाइड' या शब्दाने तर जगभर घोटाळा केला आहे. नवा माणूस समजतो, याचा वर्ग अजून ठरायचा आहे, ठरेपर्यंत इथे ठेवून देऊ. प्रत्यक्षात तो एक पक्का वर्ग आहे. ब्रिटनने १९२३ मध्ये रस्त्यांच्या ए आणि बी अशा याद्या छापल्या. त्यांत न बसणारे, पण सार्वजनिक आणि वाहते असे लहान रस्ते ते अनक्लासिफाइड. म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा साधा रस्ता.

आणि 'ट्रंक'? आमची मोठी चूक इथे आहे. भारतातल्या नकाशावाल्यांनी एक सोपे कोष्टक केले: राष्ट्रीय महामार्ग तो ट्रंक, राज्य महामार्ग तो प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग तो सेकंडरी, आणि खालचे खाली. आम्हीही तेच लावले. एका उन्हाळ्यात आम्ही जिल्ह्यातले कितीतरी रस्ते या कोष्टकाप्रमाणे रंगवले आणि फार मोठे काम झाले असे वाटून एकमेकांची पाठ थोपटली. पण ज्या ब्रिटनमधून शब्द घेतला तिथे नकाशात ट्रंक कशाला म्हणतात, तर ज्या रस्त्यावर हिरव्या पाट्या आहेत त्याला. हिरवी पाटी म्हणजे, लांबच्या गावाला जाणाऱ्या माणसा, तू इकडून जा. रस्त्याचा पैसा कोणत्या खात्यातून येतो हे ती पाटी सांगत नाही. शब्द घेताना आपण त्याच्या जागी सातबारा घेतला. रस्ता काय काम करतो हे विचारायचे सोडून रस्ता कोणाच्या नावावर आहे हे विचारले.

कोणी म्हणेल, आपली पद्धतच तशी आहे, त्याला नकाशावाले काय करणार. पण आपली पद्धत मुळात तशी नव्हती, आणि हे विदर्भात बसून सांगताना आम्हाला जरा अभिमानही वाटतो. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीनंतर १९२९ मध्ये रस्त्यांसाठी केंद्राचा निधी आला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. आणि डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले. रस्त्यांचे पाच वर्ग त्यांनी तिथे ठरवले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आताचे राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. आज टेंडरच्या जाहिरातीत रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा अशी जी अक्षरे तुम्ही वाचता, त्यांचे बारसे नागपूरला झालेले आहे. महाराष्ट्राने मध्ये प्रमुख राज्य महामार्ग, म्हणजे प्ररामा, ही एक पायरी घातली, एवढेच.

त्या पाच वर्गांच्या व्याख्या काय होत्या ते बघा. प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे पिकाचा मुलूख आणि बाजारपेठ यांना जोडणारा, किंवा त्यांना महामार्गापर्यंत नेणारा रस्ता. इतर जिल्हा मार्ग म्हणजे खेड्यांतल्या मालाला बाजाराची किंवा तालुक्याची वाट मोकळी करून देणारा. ग्रामीण मार्ग म्हणजे गाव गावाला आणि वरच्या रस्त्याला जोडणारा. चांगल्या पिकाच्या भागात कुठलेही गाव पक्क्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये, असेही धोरण तिथे ठरले. या व्याख्यांमध्ये माल आहे, बाजार आहे, गाव आहे. कोण बांधेल आणि कोण डागडुजी करेल हे वर्गाच्या मागोमाग यायचे होते. ऐंशी वर्षांत ते पुढे आले आणि व्याख्या मागे पडल्या. आता प्रजिमा म्हटले की सार्वजनिक बांधकाम विभाग आठवतो, ग्रामा म्हटले की जिल्हा परिषद. सोयाबीन कोणाला आठवत नाही.

मालकीवर वर्ग ठरवला की काय होते, याचे एक उदाहरण देशाने २०१७ मध्ये पाहिले. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. अपघात कमी व्हावेत हा हेतू. तो अमलात यायच्या सुमारास काय झाले, तर शहरांतून जाणारे काही राज्य महामार्ग कागदावर महामार्गच राहिले नाहीत. चंदीगडने असे फेरवर्गीकरण केले, ते प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि शहराच्या हद्दीतले असे फेरवर्गीकरण न्यायालयाने जुलै २०१७ मध्ये चालवून घेतले. आमचा मुद्दा दारूचा नाही. आम्ही विचारतो, त्या रात्री नकाशावाल्याने काय करायला हवे होते? काल प्रायमरी असलेला रस्ता आज रेसिडेन्शियल करायचा? त्यावरून जाणारा एक तरी ट्रक त्या रात्री कमी झाला होता का?

उलटेही होते. देशात २०१४ साली राष्ट्रीय महामार्ग सुमारे ९१ हजार किलोमीटर होते, दहा वर्षांत ते १ लाख ४६ हजारांच्या घरात गेले. यात नवे बांधलेले आहेत, आणि जुन्याच राज्य महामार्गांची दर्जोन्नती होऊन आलेलेही पुष्कळ आहेत. दर्जोन्नती हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात नेहमी वाचता. अधिसूचना निघते, पेढे वाटले जातात, मैलाच्या दगडाचे हिरवे डोके यथावकाश पिवळे होते. डांबर जेव्हा पडेल तेव्हा पडेल. मध्यंतरी 'तत्त्वतः राष्ट्रीय महामार्ग' असाही एक प्रकार निघाला होता. तत्त्वतः महामार्ग! यंत्राला तत्त्वतः कळत नाही. ट्रंक लिहिले की ते ८५ चा वेग धरणार आणि अकोल्याचा पाहुणा त्या हिशेबाने घरून निघणार.

क्रमांकांचे तर बोलायलाच नको. २०१० मध्ये देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. अकोला-अमरावतीवरून जाणारा सहा नंबर त्रेपन्न झाला. अजून अकोल्यात सहा नंबरच म्हणतात. अकोल्याहून मालेगाव, वाशीम, हिंगोलीमार्गे नांदेडकडे जाणारा आता १६१ आहे. तुम्ही त्याला काय म्हणता? अकोला रोड. वाशीममध्ये उभे राहिले की अकोला रोड, हिंगोलीत उभे राहिले की वाशीम रोड. रस्त्याचे नाव तो कुठे नेतो त्यावरून पडते. म्हणजे आपली बोलीसुद्धा नागपूरच्या अभियंत्यांच्याच बाजूची आहे.

आता या गावाकडे येऊ. मालेगावहून शिरपूरवरून रिसोडला जाणारा रस्ता घ्या. क्रमांक विचारला तर इथल्या दहातले नऊ जण सांगू शकणार नाहीत, पण तो काय करतो हे दहाही जण सांगतील. सोयाबीन आणि तूर बाजार समितीकडे याच्यावरून जाते, एसटी याच्यावरून येते, अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला मुंबई-गुजरातेतून येणारी माणसे शेवटचा टप्पा याच्यावरून करतात. नागपूरची व्याख्या लावली तर तालुका-तालुका जोडणारा आणि मुलूख बाजाराला जोडणारा हा रस्ता आहे. त्याचा वर्ग त्यावरून ठरावा. उद्या त्याला वरचा क्रमांक मिळो की न मिळो, वर्ग तोच राहावा. क्रमांकासाठी नकाशात वेगळा रकाना आहे, तिथे तो खुशाल लिहा. पृष्ठभागासाठी वेगळा आहे, रुंदीसाठी वेगळा आहे. आमच्याकडून झाले असे, की या सगळ्यांचे काम आम्ही एकट्या वर्गावर लादले.

शिरपूरला आणखी एक गोष्ट आहे. इथे येणारे सगळे चाकावर येत नाहीत. जैन साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत, त्यांचा विहार पायी, तोही अनवाणी. हे देशातल्या किती गावांना माहीत असेल? त्यांच्या दृष्टीने नकाशाची उतरंडच उलटी आहे. ट्रंक जितका ठळक तितका धोक्याचा. कडेला चालायला जागा नाही, शेजारून ट्रक. विहाराच्या वाटेवर वाहनाने ठोकरल्याच्या बातम्या आपण वाचतो. बरोबर चालणाऱ्या सेवकाच्या हातात आजकाल फोन असतोच. त्या फोनमध्ये त्याला हवा असतो गावांवरून जाणारा, रहदारी कमी असलेला, तरीही पक्का रस्ता. आम्ही अशा रस्त्यांना अनक्लासिफाइड म्हणून बाजूला टाकले, पुढे काही लिहिले नाही. कडेला जागा आहे का, खडी उखडली आहे का, काही नाही. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, आम्ही त्याला सांगितलेच नव्हते.

तसेच समृद्धीचे. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला. आपल्या जिल्ह्यातून जातो. नकाशात त्याला सगळ्यात वरचा वर्ग, मोटरवे, आणि तो योग्यच आहे. इथे कोणाचे दुमत नाही. पण त्यावर दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही, बैलगाडीचा प्रश्नच नाही. ज्याचे शेत पलीकडे आहे त्याच्यासाठी तो रस्ता नाही, कुंपण आहे, आणि त्याचा खरा रस्ता म्हणजे खालचा बोगदा. नकाशात मोटरवे काढायला किती उत्साह होता! पूर्ण व्हायच्या आधीच लोक काढून बसले होते. खालचे भुयारी मार्ग भरायला मात्र कोणी येत नाही. आम्ही गेल्या हिवाळ्यात थोडे भरले. पुष्कळ राहिले आहेत.

आता पांदणीकडे परत. आमची गाडी फसली तेव्हा आम्ही चिडून ठरवले, की डांबर नाही ना, मग सगळ्या कच्च्या वाटा ट्रॅक करून टाकू. हा दुसरा टोकाचा मूर्खपणा होता, आणि तो आम्ही दोन आठवडे केला. ट्रॅक कशासाठी, तर शेताला किंवा जंगलाला जाणाऱ्या वाटेसाठी. पण वाशीम जिल्ह्यात तांडे आहेत, शेतवस्त्या आहेत. कित्येकांना जायला एकच वाट, तीही मातीची. तिला आम्ही ट्रॅक म्हटले. म्हणजे यंत्राच्या हिशेबात त्या तांड्याला रस्ताच नाही. १०८ ला फोन केला आणि चालकाने असा नकाशा पाहिला, तर तो कुठे पोचेल? जवळच्या डांबरीवर. तिथून पुढे बाई बाजेवर.

माती तीच, चिखल तोच. एक वाट शेताला जाते, ती ट्रॅक. दुसरी चाळीस घरांना जाते, ती अनक्लासिफाइड, आणि तिच्या पृष्ठभागाच्या रकान्यात ठळकपणे माती. वर्ग कामाचा, माती मातीच्या रकान्यात. हे कळायला आम्हाला दोन चुका लागल्या.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. आमच्यातल्याच एकाने घेतला. तो म्हणतो, क्रमांक आणि मालकी तपासता येते. दगडावर लिहिले आहे, राजपत्रात आहे. 'काम' कोण ठरवणार? प्रत्येकाला आपल्या गावचा रस्ता महत्त्वाचा वाटतो. उद्या शिरपूरवाला त्याला प्रायमरी करेल, परवा शेजारचा येऊन उतरवेल, आणि नकाशाची ग्रामसभा होईल. अगदी बरोबर. असे झालेले आहे. पण बाजार समितीत सोयाबीनची प्रतवारी करताना शेतकऱ्याच्या शब्दावर चालत नाही आणि व्यापाऱ्याच्याही नाही, ओलावा मोजतात. रस्त्यालाही मोजता येतील अशा खुणा आहेत. तो कोणत्या दोन ठिकाणांना जोडतो, त्याला पर्यायी वाट आहे का, एसटी जाते का, मालाचा ट्रक जातो का, तो बंद पडला तर लोक कुठून वळतात. पुराच्या दिवशी हे आपोआप कळते. चार माणसांनी एका सकाळी चौफुलीवर उभे राहून पाहिले तरी वादाचा अर्धा भाग मिटतो. राजपत्र वाचण्यापेक्षा हे कष्टाचे आहे, हे मान्य. मालकीचे कोष्टक आम्हाला आवडायचे कारण ते घरी पंख्याखाली बसून भरता यायचे.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो, कारण मागच्या महिन्यात एकजण फोन घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांच्या बांधावरून नकाशात वाट दाखवली आहे, आणि शेजारी म्हणतो, बघ, नकाशात आहे. आम्ही काढलेली रेघ हा पुरावा नाही. गावनकाशा भूमी अभिलेखाचा. वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. बांधावरून वाट मागायची तर जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४३. दोन्हीसाठी तहसीलदारांकडे जायचे. आमच्या रेघेवरून भांडू नका. ती रेघ आमच्यातल्या एकाने उपग्रहाच्या चित्रावरून, त्या बांधावर पाय न ठेवता काढली होती. आम्ही जाऊन पाहिले आणि ती पुसली.

वेळ झाली आहे. एक प्रश्न घेतो. मागे, टोपीवाले दादा.

[श्रोता : आमच्या वावराकडं जाणारी पांदन तुमच्या नकाशात नाही. टाकावं की नाही?]

टाका. वावरालाच जाते ना, पुढे वस्ती नाही? मग ट्रॅक. त्यात पाच प्रती आहेत, पहिली पक्की, पाचवी नुसती माती. तुमची कोणती?

[श्रोता : जूनपर्यंत तिसरी म्हना. मंग पाचवी.]

मग पाचवीच लिहा, आणि शेऱ्यात पावसाळ्यात बंद असे लिहा. नाव काही आहे का तिला?

[श्रोता : आंब्याची पांदन म्हंतेत. आंबा आता नाही.]

नावाच्या रकान्यात तेच जाऊ द्या. फक्त भरण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून या. गाडी घरी ठेवा.